आहार कार्यक्रमाचे माप : शाळकरी मुलांचा लठ्ठपणा रोखण्याचे प्रयत्न फळाला आले, हे कसे ओळखावे?

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील निर्मळ हे गाव तलाव, कार्तिकातील यात्रा आणि बागायती वाड्या यांसाठी प्रसिद्ध आहे. केळी, पानवेल, भाजीपाला व फुले ही या पट्ट्यातील जुनी पिके. वसईची भाजी आणि फुले लोकलने मुंबईच्या बाजारात नेणाऱ्या शेतकरी भगिनींनी येथील अनेक घरे उभी केली. या वाड्यांमध्ये वाढणाऱ्या मुलांना व्यायाम वेगळा शिकवावा लागत नसे. पाटाचे पाणी वळविणे, फुले खुडणे, केळीचे लोंगर उचलू लागणे आणि शाळेत पायी जाणे यातच तो होत असे.

आज परिस्थिती बदलली आहे. अनेक वाड्यांच्या जागी इमारती आल्या. मूल रिक्षाने शाळेत जाते, तेथून शिकवणीला जाते आणि उरलेला वेळ मोबाईलपुढे घालविते. दुकानाच्या दारात वेफर्सच्या पाकिटांच्या माळा लोंबत असतात. घरात पालेभाजी पिकते, पण ताटात वाढलेली पालेभाजी मूल बाजूला सारते. म्हणून शाळाशाळांतून परसबाग, आहारशिक्षण, खेळाचा तास असे उपक्रम सुरू होत आहेत. ही समाधानाची बाब आहे. परंतु या उपक्रमांचा मुलांच्या शरीरावर खरोखर परिणाम झाला काय, हे फारच थोड्या ठिकाणी तपासले जाते. ही तपासणी कशी करावी, हे शेतकऱ्याला परिचित असलेल्या पीक प्रयोगाच्या आधारे या लेखात पाहू.

एक चूक आणि एक प्रश्न

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या ग्रामीण कार्यानुभवाच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाने एका शाळेत परसबाग व आहारशिक्षणाचा कार्यक्रम घेतला होता. जूनमध्ये मुलांची वजने घेतली, मार्चमध्ये पुन्हा घेतली. सर्वांची वजने वाढलेली आढळली. "कार्यक्रमामुळे मुलांचे पोषण सुधारले" असा अहवाल तयार झाला आणि पालकसभेत तो वाचूनही दाखविला. मागे बसलेल्या एका वयस्कर शेतकरी भगिनीने विचारले, "सर, शेवगा खत घातलं नाही तरी वर्षभरात वाढतोच की. मग वाढ तुमच्या खताची कशावरून?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. घरी येऊन यादी पुन्हा तपासली, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. सर्वांत जास्त वजन वाढलेल्या मुलाचे नाव 'सुधारणा' या रकान्यात सर्वांत वर होते आणि तो वर्गातील सर्वांत लठ्ठ मुलगा होता. ज्याची काळजी करावयास हवी होती, त्याचे आम्ही अभिनंदन केले होते. शेतात खताचा प्रयोग घेताना विना-खताचा वाफा सोडावयास आपण कधी विसरत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र विसरलो.

एका जिल्ह्याची दोन टोके

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२ मधील बालमृत्यूंनी संपूर्ण राज्य हादरले होते. त्याच जिल्ह्याच्या किनारपट्टीवर आता लठ्ठपणाची चिंता आहे. राज्याचे चित्रही असेच दुहेरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांमध्ये अतिवजनाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाले. याच काळात खुजेपणाचे प्रमाण ३४.४ टक्क्यांवरून ३५.२ टक्क्यांवर गेले आणि कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपासच राहिले. म्हणजे एक प्रश्न सुटून दुसरा आला असे झाले नाही. पहिला तसाच राहिला व दुसरा त्यात येऊन मिळाला.

याचा अर्थ असा की, "मुलांनी कमी खावे" हा संदेश सरसकट देता येत नाही. एकाच बाकावर एक मूल लठ्ठ आणि दुसरे हडकुळे असू शकते. शालेय पोषण आहाराला दोष देणेही योग्य नाही. १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू झालेल्या व २०२१ पासून 'पीएम पोषण' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी यांतून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे मानक आहे. हे एका वेळचे साधे जेवण झाले. लठ्ठपणाची कारणे बहुधा या ताटाबाहेर, म्हणजे दुकानात, शिकवणीच्या वेळेत आणि घरातील बैठ्या सवयीत सापडतात. ३०० मि.लि. गोड शीतपेयात सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

तुलनेचा वाफा का हवा?

शेतीच्या प्रयोगशास्त्राचा व मानवी आहाराचा संबंध जुना आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे थोर कृषि संख्याशास्त्रज्ञ होते. डॉ. पानसे यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला व १९५४ मध्ये भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ कृषि पदवीधरांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला. पुढे जागतिक अन्न व कृषि संघटनेत काम करताना आणि त्यानंतर पुण्यात त्यांनी हीच शिस्त कुपोषणाच्या अभ्यासाला लावली. वाफ्याचे शास्त्र ताटाला लागू पडते, हे त्यांच्या कार्यावरून दिसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, 'अ' शाळेत वर्षभर कार्यक्रम झाला आणि 'ब' शाळेत झाला नाही. दर १०० मुलांमागे अतिवजनाची मुले अशी आढळली :

'अ' शाळा (कार्यक्रम झाला) : सुरुवातीस १२, वर्षाअखेर १३.
'ब' शाळा (कार्यक्रम नाही) : सुरुवातीस १२, वर्षाअखेर १७.

केवळ 'अ' शाळेकडे पाहिले, तर अतिवजनाची मुले वाढली, म्हणजे कार्यक्रम फसला असे वाटेल. 'ब' शाळेशी तुलना केली, तर कळते की परिसरात वाढ ५ ची होती, ती येथे १ वर थांबली. शंभरामागे ४ मुलांचा फरक पडला. अवर्षणाच्या वर्षी ज्या वाफ्याचे उत्पादन कमी घटले, तो वाण आपण चांगला म्हणतो. तसेच हे आहे.

मात्र एका वाफ्यावरून जसा वाण शिफारस करीत नाहीत, तसा दोन शाळांवरूनही निष्कर्ष काढू नये. दोन शाळांतील फरक शिक्षकांमुळे, वस्तीमुळे किंवा केवळ योगायोगानेही पडू शकतो. परिसरातील निर्मळ, भुईगाव, गास, वाघोली, नंदाखाल, बोळींज, आगाशी अशा गावांतील आठ-दहा शाळा एकत्र आल्या, तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांत यंदा आणि उरलेल्या शाळांत पुढील वर्षी कार्यक्रम सुरू करता येईल. यामुळे कोणतेही मूल कायमचे वंचित राहत नाही आणि तुलनाही मिळते. आवडीच्या किंवा उत्साही शाळा आधी निवडू नयेत. पाणथळ जागा सोडून केवळ कसदार जमिनीत नवा वाण लावल्यासारखे ते होईल.

एकाच शाळेतील एका वर्गाला कार्यक्रम द्यावा आणि दुसऱ्याला देऊ नये, असेही करू नये. शेजारच्या वाफ्यात पाणी पाझरते, तसे डबे, खाऊ आणि गोष्टी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातात. म्हणून शाळा हाच एक वाफा समजावा.

काय मोजावे?

खताची किती पोती वाटली, यावरून उत्पादन कळत नाही. त्याचप्रमाणे किती व्याख्याने झाली, किती तक्ते लावले, यावरून मुलांचे आरोग्य कळत नाही. तपासणीच्या पाच पायऱ्या लक्षात ठेवाव्यात.

१) कार्यक्रम पोहोचला काय? ठरलेल्या तासांपैकी किती झाले, खेळाचा तास गणिताने खाल्ला काय, याची नोंद ठेवावी.

२) मुलांना समजले काय? ही पायरी सोपी असते, म्हणून बहुतेक अहवाल येथेच थांबतात.

३) ताट बदलले काय? मुलांना विचारण्याऐवजी वजनकाटा वापरावा. वाढण्यापूर्वी शिजलेली भाजी तोलावी, जेवणानंतर पातेल्यात उरलेली व ताटात टाकलेली भाजी तोलावी. फरकाला जेवणाऱ्या मुलांच्या संख्येने भागले की, दर मुलामागे पोटात गेलेली भाजी कळते. महिन्यातून तीन दिवस, मुलांना आधी न सांगता, ही नोंद घ्यावी.

४) शरीर बदलले काय? यासाठी उंची, वजन व कमरेचा घेर मोजावा.

५) कोणाचे नुकसान झाले काय? कमी वजनाची मुले अधिक खालावली काय, कोणाला चिडविले गेले काय, याचीही तपासणी करावी. लठ्ठ मुले घटली पण हडकुळी वाढली, असा कार्यक्रम यशस्वी म्हणता येणार नाही.

दोन प्रयोगांचे धडे

अमेरिकेतील मूळ रहिवासी समाजाच्या ४१ शाळांमध्ये १,७०४ मुलांवर तीन वर्षे एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेच्या जेवणातील स्निग्धांश कमी झाला आणि मुलांचे आहारविषयक ज्ञान वाढले. परंतु तुलनेच्या शाळांपेक्षा मुलांच्या शरीरातील चरबीत फरक पडला नाही. पहिल्या तीन पायऱ्यांवर यश मिळाले, चौथीवर मिळाले नाही. तुलनेच्या शाळा नसत्या, तर हा कार्यक्रम यशस्वी म्हणून गाजला असता. केवळ शाळेच्या भिंतीआड केलेले प्रयत्न पुरे पडतातच असे नाही, हा त्यातून मिळालेला मोलाचा धडा होय.

दुसरा प्रयोग आपल्या जवळचा, मुंबईतील झोपडपट्ट्यांमधला आहे. २००६ ते २०१२ या काळात साडेसहा हजार स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून दररोज खाऊ देण्यात आला. एका गटाच्या खाऊत पालेभाज्या, फळे व दूध होते. तुलनेच्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा यांसारख्या भाज्या होत्या. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता बाळांच्या सरासरी जन्मवजनात निश्चित फरक आढळला नाही. पण गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ सुरू केलेल्या स्त्रियांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने अधिक वजनाची होती. शिवाय ज्या स्त्रियांची तपासणी झाली, त्यांच्यात गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण तुलनेच्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के आढळले. अशा मधुमेहामुळे बाळाला पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो. म्हणून लठ्ठपणाच्या प्रतिबंधाची पेरणी मुलाच्या जन्माआधीच होते, असे म्हणावे लागेल. खताची मात्रा योग्य असूनही ती चुकीच्या वेळी दिली तर लागू पडत नाही, हे शेतकऱ्यास वेगळे सांगण्याची गरज नाही. पालेभाजी पिकविणाऱ्यांनी तर हा निष्कर्ष आवर्जून लक्षात ठेवावा.

माप घेण्याची पद्धत

१) वजनकाटा सपाट, कठीण जमिनीवर ठेवावा. दुकानातील शिक्का मारलेली ५ व १० कि.ग्रॅ.ची वजने ठेवून तो आधी तपासावा. आधी व नंतर एकच काटा वापरावा. बूट, दप्तर, स्वेटर काढून वजन घ्यावे.

२) उंची भिंतीला ताठ लावलेल्या पट्टीवर घ्यावी. टाचा, पाठ व डोके यांची स्थिती सारखी असावी. प्रत्येक माप दोनदा घ्यावे.

३) वजनाला (कि.ग्रॅ.) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागावे. यालाच बीएमआय म्हणतात. उदाहरणार्थ, वजन ४०.५ कि.ग्रॅ. व उंची १.३५ मीटर असल्यास ४०.५ भागिले १.८२ म्हणजे सुमारे २२.२ येते. मोठ्या माणसासाठी हा आकडा ठीक आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार दहा वर्षांच्या मुलाला २१.४ च्या पुढे लठ्ठ समजतात. म्हणून मुलांचा आकडा वय व लिंगानुसार असलेल्या तक्त्यावरच पाहावा.

४) सुरुवातीचे व शेवटचे माप वर्षाच्या एकाच महिन्यात घ्यावे. किनारपट्टीवर हे फार महत्त्वाचे आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने ताजी मासळी कमी होते. मे महिन्यात सुट्टी व आंबे असतात. कार्तिकात यात्रा आणि डिसेंबरात नाताळचा फराळ असतो. जूनचे माप डिसेंबरच्या मापाशी ताडले, तर कार्यक्रमाचा नव्हे, हंगामाचा फरक मोजला जाईल.

५) केवळ वजनावर विसंबू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बाळांची इंग्लंडमधील बाळांशी तुलना केली. आपली बाळे सरासरी २.७ कि.ग्रॅ., तर तेथील ३.५ कि.ग्रॅ. वजनाची होती. तरीही आपल्या बाळांचे स्नायू कमी व चरबी त्या मानाने टिकून राहिलेली आढळली. दिसावयास बारीक असलेल्या मुलातही चरबी जास्त असू शकते. कमरेचा घेर मोजण्याचे कारण हेच.

परसबागेचा प्रामाणिक हिशोब

शाळेची परसबाग हा उत्तम उपक्रम आहे. परंतु तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे आकडेमोड करून ठरवावे. १०० मुलांना दररोज ५० ग्रॅम भाजी म्हणजे ५ कि.ग्रॅ. भाजी लागते. शाळेचे २०० दिवस धरले, तर वर्षाला १,००० कि.ग्रॅ. भाजी हवी. एक गुंठा क्षेत्रातून पालेभाजीच्या एका पिकापासून साधारणपणे १०० ते १५० कि.ग्रॅ. उत्पादन मिळते. वर्षात तीन पिके घेतली, तरी ३०० ते ४५० कि.ग्रॅ. होईल. म्हणजे एक गुंठ्याची बाग निम्म्याहून कमी गरज भागवील. सुट्ट्यांतील उत्पादन वजा केले, तर त्याहूनही कमी.

मग बाग करू नये काय? अवश्य करावी. तिचे खरे काम पोट भरणे हे नसून ओळख करून देणे हे आहे. स्वतः पेरलेला माठ मूल चाखून तरी पाहते. मात्र हा लाभही तिसऱ्या पायरीवरील उष्ट्याच्या नोंदीने तपासावा, गृहीत धरू नये. उरलेली भाजी शाळेने जवळच्या वाड्यांतूनच घेतल्यास ती ताजी मिळेल आणि शेतकऱ्यालाही घराजवळ गिऱ्हाईक मिळेल.

लागवडीसाठी विद्यापीठाच्या कोकण दुरंगी माठ, कोकण सदाबहार चवळी व शीतल काकडी या जाती निवडाव्यात. पावसाळ्यात भेंडी, शिराळी, दुधी व अळू घ्यावे. हिवाळ्यात मुळा, पालक, वाल व टोमॅटो घ्यावेत. कुंपणालगत शेवगा, पपई व कढीपत्ता लावावा. केळीचे दोन-चार खुंट सांडपाण्यावर सहज येतात. येथील प्रसिद्ध सुकेळी चविष्ट असली, तरी पाणी उडाल्याने त्याच वजनाच्या ताज्या केळ्यापेक्षा तीत साखर कितीतरी जास्त असते. ती सणासुदीला, एखाद-दुसरीच द्यावी. रोजच्या डब्यात ताजे केळे बरे.

घ्यावयाची काळजी

मापे आडोशाला घ्यावीत. आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत, फळ्यावर नावे लिहू नयेत. वाढत्या मुलाला उपाशी ठेवून वजन उतरविण्याचा प्रयत्न करू नये. बहुतेक मुलांच्या बाबतीत वजन फारसे न वाढता उंची वाढत राहिली, तरी पुरेसे असते. फार लठ्ठ किंवा फार कमी वजनाचे मूल आढळल्यास पालकांना एकांतात सांगावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. शाळांमधून आरोग्य तपासणीस येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाचे साहाय्य घ्यावे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ विकण्यास मनाई आहे. शाळेबाहेरील दुकानांचे अंतर मोजून पाहणे हेही मूल्यमापनाचेच काम आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. म्हणजे आपल्यापैकी अनेकजण या समित्यांवर आहात किंवा उद्या असाल. पुढील सभेत आहार कार्यक्रमाचा अहवाल वाचला जाईल, तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारावेत : सुरुवातीचे माप घेतले होते काय? तुलनेची शाळा कोणती? आणि हडकुळ्या मुलांचे काय झाले? वाणाची जाहिरात ऐकून आपण बियाणे घेत नाही, शेजारच्या शेतात जाऊन कणीस हातात घेऊन पाहतो. मुलांच्या बाबतीत त्याहून कमी चौकसपणा दाखवून चालणार नाही.